न उघडलेल्या बाटलीतला बुडबुडा

१

"मटाराएवढा बुडबुडासुद्धा नको, चिमणे. मटार दिसला की बाटली ओत आणि पुन्हा भर. हात दुखू दे तुझा, कंटाळा येऊ दे, पण त्या पाण्यात वारा शिरता कामा नये."

बावीस वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढताना तिच्या कानात असा उमटला, की बोलणारा मागच्याच पायरीवर उभा असावा. तेव्हा ती शिकाऊ होती, दोन वेण्यांतली. आवाज होता नमुनेवाल्या काकांचा. सांडपाणी शुद्ध करून सोडणाऱ्या प्रकल्पांवर जायचं, पाइपाच्या तोंडाशी बसून बोटभर उंचीच्या तपकिरी बाटल्या भरायच्या आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत आणायच्या, हे काकांचं काम. पाण्यात विरघळलेली काही विषं इतकी उडाऊ असतात, की बाटलीत जरा हवा राहिली तर पाणी सोडून त्या हवेत जाऊन बसतात आणि झाकण उघडताच पसार होतात. म्हणून बाटली काठोकाठ भरायची, झाकण लावायचं, उलटी करायची आणि टिचकी मारून बघायचं. काकांनी त्याचं गाणंच केलं होतं:

*भर गं बाटली काठोकाठ,*
*वाऱ्याला ना ठेवू वाट.*
*कर उलटी, मार टिचकी,*
*मटार दिसला? भर पुन्हा ती!*

आता ती चिमणी राहिली नव्हती. मुख्य कार्यालयाची तपासनीस झाली होती, आणि तिची पावलं ऐकली की लोक टेबलावरचे कागद उगाच सारखे करायला लागत.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनीही तेच केलं. त्यांना सगळे पाठीमागे 'सहीसाहेब' म्हणत. सही सोडून कशाचीच जबाबदारी घ्यायला ते नाखूश असत.

"बघा बुवा तुम्हीच," त्यांनी दोन कागद पुढे सरकवले. "मंगळवारचा नमुना. एकच पाइप, एकच वेळ, बाटल्या दोन. पहिलीत परक्लोरोएथिलीन मर्यादेच्या चाळीसपट. दुसरी धुतल्या तांदळासारखी."

परक्लोरोएथिलीन म्हणजे कपडे पाण्याशिवाय धुणारे आणि धातूवरचं ग्रीस उतरवणारे कारखाने वापरतात ते द्रावण. रोज पोटात गेलं तर यकृत पोखरतं, आणि पुढे काय करतं ते लोक हळू आवाजात बोलतात.

"पुन्हा नमुना घेतलात?"

"काल घेतला. स्वच्छ. पण प्रकल्पाकडे सांडपाणी पाठवणारा कारखाना ते रोज थोडंच सोडतो? ज्या दिवशी सोडलं तो दिवस गेला वाहून. आता आहेत त्या या दोन बाटल्या." सहीसाहेबांनी घाम पुसला. "उद्या दुपारी निर्णय. बाटल्या जुळल्या नाहीत तर निकाल रद्द, असा नियम. रद्द झाला की प्रकल्पाला वर्षभराचा परवाना. मग ते पाणी कालव्यातून भाजीच्या वाफ्यांना जाणार. वाफ्यांच्या कडेला विहिरी आहेत, तीनशे घरं त्यांचं पाणी पितात."

"आणि सही?"

"यावेळी तुमची," सहीसाहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा सुख दिसलं. मग ते जरा थांबले. "प्रकल्पवाल्यांचं म्हणणं, पहिली बाटली नमुना घेणाऱ्याने नासवली. त्याच्यावर कारवाई करा म्हणतात."

"कोणी घेतला नमुना?"

"आपल्याच काकांनी. तुम्ही ओळखता ना त्यांना?"

२

काका बर्फाच्या पेट्या ठेवायच्या खोलीत बाकावर बसले होते. केस पिंजलेल्या कापसासारखे झालेले, डोळे मात्र तसेच, हसण्याआधी बारीक होणारे. बाहेर ऊन रणरणत होतं आणि काकांच्या अंगात लोकरीचा कोट होता. दोन्ही हात खिशात.

"आली का चिमणी! आता बाई म्हणायचं की मॅडम?"

"चिमणीच म्हणा. या उकाड्यात कोट?"

"म्हातारपणी आतून थंडी वाजते. आणि लेकीने मोठ्या हौसेने ड्रायक्लीन करून आणला, मग घालायला नको?"

ड्रायक्लीन. तिच्या मनात कुठेतरी सुई टोचली. त्याच द्रावणात धुतात ते कपडे. नमुने घ्यायला जाणाऱ्याने असा कोट घालायचा नाही, अत्तर लावायचं नाही, मार्करने लिहायचं नाही, शिसपेन्सिलच वापरायची. हे तिला शिकवलं कोणी? याच माणसाने.

"कोट घालून पाइपवर गेला होतात?"

"गेलो होतो." लपवाछपवी नाही. "मूर्खपणा झाला. पण कोट गाडीत पेटीशेजारी काढून ठेवला आणि मगच बाटल्या भरायला बसलो. एवढी अक्कल शाबूत आहे."

"दोन्ही बाटल्या तुम्हीच भरल्या?"

"पाइपवर मी एकटाच होतो. दुसरं कोण भरणार?"

मावशी चहा घेऊन आल्या. मावशी म्हणजे बाटल्या धुऊन भट्टीत वाळवणाऱ्या. वीस वर्षं प्रयोगशाळेतलं एकही भांडं त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय वापरात आलेलं नाही. त्यांनी तिच्यापुढे भरलेला कप ठेवला आणि काकांपुढे मोठा स्टीलचा पेला, तळाशी चारच घोट चहा.

"काकांना एवढासाच?"

"वय झालंय, झोप लागत नाही त्यांना," मावशी चटकन म्हणाल्या. प्रश्न तिने नव्हे, जमिनीने विचारला असावा तसं त्यांचं उत्तर जमिनीकडे बघून आलं.

"काका, एकदा दाखवा ना ती टिचकी," ती हसून म्हणाली. "किती वर्षं झाली बघून."

"आता तू मला दाखवायचीस." काका उठले. "नियम काय म्हणतो ते कर हो चिमणे. माझ्याकडे बघू नकोस."

ते गेले. हात खिशातच. चहा जसाच्या तसा राहिला होता. ती बराच वेळ त्या पेल्याकडे बघत बसली. ज्या माणसाने तिला खरं लिहायला शिकवलं तो तिच्याशी खोटं बोललेला नव्हता. पण 'दोन्ही मीच भरल्या' असंही तो म्हणाला नव्हता.

३

बाटल्या ज्या यंत्रात तपासतात ते यंत्र सांभाळणारी मुलगी अंगाने सुईसारखी आणि बोलण्यानेही. यंत्राची सुई झाकणाच्या रबरातून आत शिरते आणि पाणी ओढून घेते, म्हणून हिचं नाव सुईताई.

"माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा," ती खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली. "बुधवारी प्रकल्पाचे टायसाहेब इथे आले होते. नमुने ठेवतो त्या थंड खोलीच्या दाराशी उभे होते. मी आत सोडलं नाही. पण अर्धा तास मी जेवायला गेले होते आणि किल्ली खुंटीला होती. हेही लिहा."

"सगळं असं न विचारता सांगतेस?"

"नंतर कोणी सांगण्यापेक्षा बरं."

"मग न सांगितलेलं एक सांग."

सुईताईने वही ओढली. यंत्रावर चढवण्याआधी प्रत्येक बाटली उलटी करून बघायची आणि काय दिसलं ते लिहायचं, अशी इथली रीत. *पहिली: बुडबुडा नाही. दुसरी: बुडबुडा नाही.* आणि खाली, अक्षर जरा बारीक करून: *प्रवासी: बुडबुडा, मोठा.*

प्रवासी बाटली म्हणजे साक्षीदार. प्रयोगशाळेतच शुद्ध पाण्याने भरायची, झाकण लावायचं आणि नमुन्यांच्या पेटीत ठेवून द्यायचं. ती प्रकल्पावर जाते आणि परत येते. वाटेत कोणी उघडायची नाही. पेटीत बाहेरून काही शिरलं तर या बाटलीतही सापडतं. काही सापडलं नाही, तर पेटी निर्दोष.

"केवढा बुडबुडा?"

"मटाराएवढा." सुईताईचा आवाज खाली आला. "ती बाटली सोमवारी मीच भरली होती. माझ्याकडूनच राहिला असेल. पण निकाल शुद्ध आला, मग म्हटलं उगाच कशाला... शुद्ध पाण्यात बुडबुडा असला काय, नसला काय!"

"सोमवारी उलटी करून बघितली होतीस?"

"तीनदा! मी काय झोपेत भरते का?"

"मग तुझ्याकडून कसा राहील?"

सुईताईने वहीतली ती ओळ पुन्हा वाचली.

"मला आलेख दाखव. छापील आकडे नकोत, यंत्राने काढलेली मूळ रेघ."

पडद्यावर तीन रेघा आल्या. पहिल्या बाटलीच्या रेघेत त्या द्रावणाचा डोंगर उभा होता, आणि डोंगराच्या अलीकडे मुंगीच्या वारुळाएवढा एक उंचवटा.

"हे काय?"

"क्लोरोफॉर्म. प्रकल्पवाले शेवटी क्लोरीन घालतात ना, त्याचा माग. मर्यादेच्या खूप खाली. त्याला कोणी विचारत नाही."

"मागच्या सहा महिन्यांच्या नमुन्यांत?"

सुईताईने एकेक रेघ काढली. प्रत्येकीत तेच वारूळ. कधी जरा उंच, कधी ठेंगणं, पण हटकून होतं.

"आता मंगळवारची दुसरी."

दुसऱ्या बाटलीची रेघ सपाट होती. डोंगर नाही, वारूळही नाही. नांगर न लागलेल्या जमिनीसारखी सरळ. तपासनीसने तिच्या खाली प्रवासी बाटलीची रेघ लावून बघितली.

दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या एकीवर एक बसल्या.

"अगं बाई," सुईताई पुटपुटली. "म्हणजे दुसरी बाटली त्या पाइपाची नाहीच."

४

प्रकल्पाचे व्यवस्थापक म्हणजे टायसाहेब. भर उन्हात, सांडपाण्याच्या हौदांच्या काठावरसुद्धा त्यांचा टाय सैल होत नसे. ते तिला स्वतः पाइपापर्यंत घेऊन गेले, वाटेतल्या फुलझाडांची माहिती देत.

"म्हातारा सज्जन आहे हो, माझा राग नाही. पण कोटाचा वास माझ्या ऑफिसपर्यंत आला! तेच द्रावण, तोच माणूस. आता यात गूढ काय राहिलं?"

"बुधवारी प्रयोगशाळेत कशाला आला होतात?"

टायसाहेबांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं पाणी आटलं. "परवान्याचं काम. निकाल कधी मिळेल विचारायला."

"थंड खोलीच्या दाराशी उभं राहून?"

"उकडत होतं, मॅडम."

उत्तर इतकं बेशरम होतं, की खरंही असू शकत होतं. किल्ली खुंटीला होती. अर्धा तास मोकळा होता. स्वच्छ निकाल याच माणसाच्या कामाचा. सगळे धागे त्या टायपाशीच येत होते, आणि नेमकं हेच तिला खटकलं. बाटली बदलून विष लपवायचं, तर हा माणूस एकच बाटली कशाला बदलेल? दोन्ही बदलल्या असत्या. एक विषारी आणि एक शुद्ध ठेवून उलट सगळ्यांचं लक्ष ओढून घेतलं.

की लक्ष काकांवर जावं म्हणूनच? की कोणी काकांना काही देऊन... तिने तो विचार अर्ध्यावर मोडला. मोडला तरी त्याचं टोक टोचत राहिलं.

पाइपाच्या तोंडाशी तीन ओल्या पायऱ्या होत्या. त्यांच्या तळाला लोखंडी जाळी. ती शेवटच्या पायरीवर उकिडवी बसली, काका बसायचे तशी. पाणी दिसायला निर्मळ, आकाश धरून वाहत होतं. आणि जाळीच्या दोन गजांमध्ये काहीतरी अडकलं होतं, तपकिरी, चमकणारं.

तिने चिमट्याने ते वर काढलं. एका छोट्या बाटलीचा गळा. खालची बाटली फुटून गेलेली. वरचं झाकण मात्र आवळून बसवलेलं, आटे शेवटपर्यंत फिरवलेले.

"काय सापडलं?" टायसाहेब वाकले, आणि पहिल्यांदाच त्यांचा टाय लोंबला.

तिने तो तुकडा पिशवीत टाकला. रिकामी बाटली फुटली असती तर तिचं झाकण खिशात असतं. ही बाटली भरली होती, झाकली होती, आणि मगच हातातून निसटली होती. भरून झाकलेली बाटली माणूस हवेत कशाला धरतो?

उलटी करून टिचकी मारायला.

५

मावशींच्या धुलाईखोलीत भट्टीची ऊब होती आणि फळ्यांवर तपकिरी बाटल्या रांगेने पालथ्या घातल्या होत्या.

"मावशी, मंगळवारी काकांना किती बाटल्या दिल्यात?"

"दोन. तिसरी सुईताईची प्रवासी."

"परत किती आल्या?"

"तीन."

"आणि फळीवरची मोजणी?"

मावशी फडक्याने कोरडं टेबल पुसायला लागल्या. पुसलं, परत पुसलं.

"एक कमी आहे ना?"

"उंदराने नेली असेल."

"काचेची बाटली? भट्टीत वाळवलेली?"

"हल्लीच्या उंदरांचं काही सांगता येत नाही, बाई." मावशींना स्वतःलाच हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लागला. "मला विचारू नका. माझा नवरा गेला तेव्हा या माणसाने मला इथे चिकटवली. माझ्या तोंडून त्याचं वाईट व्हायचं नाही."

"तुमच्या तोंडून काही काढत नाही मी. शुद्ध पाण्याचा नळ कुठे आहे एवढंच सांगा."

मावशींनी न बोलता हनुवटीने दाखवला. त्याच खोलीत, फळीपासून चार पावलांवर.

तपासनीसने दोन्ही बाटल्यांच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्या भिंगाखाली धरल्या. काकांची पद्धत तिला पाठ होती. आधी भरायचं, झाकायचं, तपासायचं, आणि मगच तिथेच पाइपाशी बसून चिठ्ठी लिहायची. हात ओले असतात, कागद भिजतो आणि पेन्सिलीचं टोक त्यात रुतून नांगरासारखी सरी पाडतं. पहिल्या बाटलीच्या चिठ्ठीवर तशाच सऱ्या होत्या, खोल, काळ्या. दुसरीवरची अक्षरंही काकांचीच, पण वरवर, फिकट. ओलाव्याने कागद नंतर सुरकुतला होता. लिहिताना तो कोरडा होता. ही चिठ्ठी पाइपाशी लिहिलेली नव्हती. गाडीत बसून, हात पुसून लिहिली होती.

आणि दोन्ही चिठ्ठ्यांवरच्या प्रत्येक अक्षराच्या कडेला बारीक दाते होते. रेघ सरळ जाईना, मुंगीच्या चालीने जात होती.

तिने भिंग खाली ठेवलं. कोट. खिशातले हात. पेल्याच्या तळाशी चार घोट चहा.

आता तिला सगळं माहीत होतं, आणि माहीत असून काहीच हातात नव्हतं. कोणत्या बाटलीत कुठलं पाणी, हे नियमाने सांगायचा अधिकार एकाच माणसाला होता, ते भरणाऱ्याला. त्याने स्वतः सांगितलं की एक बाटली फुटली, आणि प्रवासी बाटली स्वच्छ निघाली, तर उरलेल्या एका बाटलीचा निकाल धरता येत होता. पण खोटी चिठ्ठी लिहिल्याचं जो कबूल करेल त्याची नोकरी त्याच दिवशी संपणार होती. काकांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. हार, शाल, चार चांगले शब्द ठरलेले होते.

तिने जायला पाठ वळवली. मावशी मागून म्हणाल्या, "तुमची फार फुशारकी मारतात हो ते. माझी चिमणी खोटी सही करणार नाही म्हणतात."

६

शुक्रवारी दुपारी लांब टेबलाभोवती पाच माणसं बसली. सहीसाहेब, टायसाहेब, सुईताई, तपासनीस आणि टोकाला काका, कोट घालून. मावशी दाराशी उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी घालवलंही नाही. प्रत्येकासमोर पाण्याचा पेला होता. काकांनी आपला हळूच कोपराने दूर सारला होता.

"मंगळवारी पाइपावर एक बाटली फुटली," तपासनीस म्हणाली आणि काचेचा गळा टेबलावर ठेवला. "भरून, झाकून झाल्यावर. नमुन्याची दुसरी बाटली ती. सोबत जास्तीची रिकामी बाटली नव्हती. पेटीत होती फक्त प्रवासी."

सुईताईने मान वर केली.

"मग गाडीत बसून प्रवासी बाटलीच्या गळ्यातली चिठ्ठी काढली गेली आणि तिला नवीन चिठ्ठी बांधली गेली, 'दुसरी' म्हणून. म्हणून दुसरीत क्लोरोफॉर्मचा माग नाही. सहा महिन्यांत त्या पाइपातून असं पाणी एकदाही आलेलं नाही. इथे परत आल्यावर फळीवरून एक कोरी बाटली उचलली, नळाच्या शुद्ध पाण्याने भरली आणि तिच्या गळ्यात प्रवासीची चिठ्ठी बांधली. जी बाटली कधी उघडायचीच नाही तिच्यात बुडबुडा आला तो असा."

"वा! म्हणजे तुमच्याच माणसांनी लबाडी केली!" टायसाहेब खुर्चीत मागे रेलले. "आता तर निकाल रद्दच करा."

"ज्याने हे केलं त्याला विष लपवायचं नव्हतं. पहिलीत विष आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. वर्षानुवर्षं त्या पाइपाचं पाणी स्वच्छ निघत आलं. त्याला वाटलं, आजही पहिली स्वच्छ निघेल, दुसरी तर आहेच स्वच्छ, दोन्ही जुळतील आणि कोणाला कळणार नाही. नेमकं त्याच दिवशी पाइपातून विष आलं."

"गोष्ट छान आहे," टायसाहेब म्हणाले. "पण मॅडम, रेघा, भिंग, बुडबुडे! ही बाटली ती आणि ती बाटली ही, हे तुम्ही म्हणता. भरणारा म्हणतो का?"

"नाही," ती म्हणाली. "मी भरणाऱ्याला विचारणार नाही. त्याने मला शिकवलंय, मी त्याला शिकवायचं नाही."

सहीसाहेबांनी घसा खाकरला. "मग नियमाप्रमाणे... रद्द?"

तिने पेन उचललं. कागदावर दोन चौकोन होते, एक धरण्याचा, एक रद्द करण्याचा. खिडकीबाहेर बाटल्या धुवायच्या हौदात नळ एका लयीत ठिबकत होता. तिने पेन रद्दच्या चौकोनाकडे नेलं. खोटी सही तिच्याच्याने होणार नव्हती, आणि नियमाने खरी सही हीच होती. वाफ्यांतली पालेभाजी, विहिरींवरचे पोहरे, सगळं त्या चौकोनात मावत होतं.

"थांब, चिमणे."

काकांनी खिशातून हात काढले. उजवा हात टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना दिसलं. हात ठेवला होता, पण तो थांबत नव्हता. वाऱ्यावरच्या पानासारखा लवलवत होता, आणि त्याच्या हलण्याने दूर सारलेल्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठत होती.

मावशींनी दाराच्या चौकटीला डोकं टेकलं.

"वर्ष झालं," काका म्हणाले. "लेकीलाही सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतात कमी होणार नाही. म्हटलं, दोन महिने ढकलू. बाटल्या भरण्याशिवाय मला दुसरं येतं काय?" ते टायसाहेबांकडे वळले. "पहिली बाटली मी सात वेळा भरली, साहेब. सहा वेळा मटार दिसला, सहा वेळा ओतली. सातव्यांदा निघाली निर्मळ, आणि ती खरी आहे. दुसरी टिचकी मारताना निसटली. लाज वाटली मला. बाकी सगळं ही पोर म्हणते तसंच."

"म्हणजे लबाडी मान्य!" टायसाहेब उठले.

"मान्य. मला काढा. पण बसा जरा, बोलणं संपलं नाही." काकांचे डोळे बारीक झाले, हसण्याआधी व्हायचे तसे. "तुम्ही म्हणता पहिली माझ्या कोटाने नासली. तुम्ही जिला दुसरी म्हणताय ना, ती सुईताईने भरलेली प्रवासी आहे. जाता येता त्याच पेटीत होती, पहिलीच्या अंगाला अंग लावून, माझ्या कोटाशेजारी. कोटातलं काही पेटीत शिरलं असतं तर तिच्यातही सापडलं असतं. ती स्वच्छ आहे, हे तुम्हीच दोन दिवस सगळ्यांना ओरडून सांगताय."

टायसाहेबांचा हात टायच्या गाठीकडे गेला आणि तिथेच राहिला. सुईताईने तोंडावर हात धरला.

तपासनीसने नवा कागद ओढला. तिला अक्षरं नीट दिसेनात. तिने मनगटाने डोळे पुसले आणि पेन टेकवलं.

"लिही," काका म्हणाले. त्यांनी हात परत खिशात घातला नाही. "नमुना घेणाऱ्याचं म्हणणं, असं वर लिही. दुसरी बाटली माझ्या हातून फुटली. माझा हात कापतो. आणि त्या पाण्यात विष आहे."